मऊ फळी, ताठ मामा

४ फेब्रुवारी

तीर्थरूप मामा,

पत्र बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. फोन केला की आई उचलते, स्पीकरवर टाकते आणि "तुला ऐकू येत नाही ना रे" म्हणून माझं प्रत्येक वाक्य तुला ओरडून सांगते, वर स्वतःचं मत जोडून. चाळीस वर्षं करवतीच्या मशीनपाशी उभं राहून कान तू घालवलेस, शिक्षा मात्र मला. म्हणून हे पत्र थेट वर्कशॉपच्या पत्त्यावर. आईला दाखवू नकोस. का ते पुढे कळेल.

मला एक फळी करून हवी आहे. मांडणीची नाही. खाली चार चाकं लावायची, वर उभं राहायचं आणि डोंगराच्या रस्त्यावरून खाली यायचं. अख्ख्या गाडीला लाँगबोर्ड म्हणतात, नुसत्या फळीला डेक. चाकं आणि आस मी आणून ठेवली आहेत, फळीवर अडलं आहे. दुकानात सगळ्या फळ्या धिप्पाड माणसांसाठी. माझे पाय चार नंबरचे. त्या फळीवर मी म्हणजे जेवणाच्या टेबलावर ठेवलेली मिठाची बाटली. दुकानदार म्हणाला, "घ्या हो, पायाला सवय होईल." पायाला सवय होईपर्यंत डोक्याचं काय, ते त्याने सांगितलं नाही.

तर लांबी सदतीस इंच, रुंदी नऊ. मधे खोलगट, कडा उचललेल्या, म्हणजे खाली न बघता पायाला कड कळते. आणि मुख्य गोष्ट, फळी ताठ हवी. मी मधोमध उभी राहिले तरी वाकता कामा नये.

मी हेल्मेट घालते, गुडघ्याला बांधते, हातमोजे घालते. वय एकतीस आहे. एवढं पुरे.

मी करून दिलेली कवळी कशी आहे? दोन वर्षं झाली, एकदाही तक्रार नाही. तू आणि तक्रार नाही, हे मला पटत नाही.

तुझी,
भिंगरी

---

११ फेब्रुवारी

चि. भिंगरी, आशीर्वाद पाठवतो आहे, जपून वापर. तुझा वापर जास्त आहे.

पत्र वाचलं. पुन्हा वाचलं. मग चष्मा पुसून वाचलं. मजकूर तोच होता.

म्हणजे दिवसभर लॅबमध्ये बसून तू लोकांच्या कवळ्या करतेस आणि रविवारी स्वतःसाठी गिऱ्हाईक तयार करतेस. धंदा वाढवायची ही पद्धत मला सुचली नव्हती. नाहीतर मीही लोकांच्या खुर्च्या मोडत फिरलो असतो.

तू विसरली असशील, म्हणून आठवण देतो. तू आठ वर्षांची असताना मी तुला बेअरिंगचा गाडा करून दिला होता. चारच फळ्या आणि पुढे दोरी. तू तो गिरणीच्या उतारावर नेलास आणि पुढचा एक दात तिथेच ठेवून आलीस. ताई माझ्याशी अकरा महिने बोलली नाही. एकाच घरात अकरा महिने! जेवायला वाढायची, पण ताटाशी बोलायची: "ताटा, आणखी भात हवा का रे?" त्यानंतर मी चाक असलेली वस्तू केली नाही. चहाची ट्रॉलीसुद्धा नाही.

तरीही, मी नाही म्हटलं तर तू कुठल्यातरी टिनपाट कारागिराकडून करून घेशील. त्यापेक्षा घरचं बरं. करतो. पण मला नीट कळव, तुम्ही त्या रस्त्यावर नक्की करता काय?

कवळी छान बसते. विषय संपला.

मामा

---

१७ फेब्रुवारी

मामा,

इतक्या लवकर हो म्हणालास? तब्येत बरी आहे ना?

आम्ही काय करतो ते सांगते. जुनी पाण्याची टाकी आहे टेकडीवर, तिथून खाली रस्ता येतो. सात वळणं. रविवारी सकाळी तिथे कुत्रंही नसतं. दोन प्रकार असतात. एक डाउनहिल: वाकायचं, हात पाठीमागे बांधायचे आणि वेगाने खाली. दुसरा फ्रीराइड: उतरता उतरता फळी मुद्दाम आडवी करायची, चाकं घासत न्यायची आणि पुन्हा सरळ करायची. मी सध्या दुसऱ्यात बरी आहे, पहिल्यात शिकाऊ. १९ एप्रिलला नगरपालिका तो रस्ता सकाळभर बंद करून आम्हाला देणार आहे, वळणावळणाला पेंढ्याचे भारे लावून. त्या दिवशी मला टाकीपासून खालपर्यंत एकदा न थांबता यायचं आहे. बस्स. जिंकायचं वगैरे नाही. यायचं आहे.

कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाची मालकीण आमची म्होरकी. वय सेहेचाळीस, दोन मुलांची आई. ती सगळ्यांच्या आधी रस्ता चालत खाली जाते आणि खडे झाडते. तुला वाटतं तितके आम्ही वेडे नाही, थोडे कमी आहोत.

सोबत कागदावर माप काढून पाठवते आहे. दहा वर्षांपूर्वी माझ्या अभ्यासाच्या टेबलाला तू सूतभरही फरक पडू दिला नव्हतास. तसंच कर.

भिंगरी

---

१४ मार्च

चि. भिंगरी,

पार्सल मिळेल. आत फळी आहे. नऊ थर, एकावर एक, साच्यात दाबून चार दिवस ठेवले. ताठ आहे. वरून पॉलिश असं केलं आहे की केस विंचरायला आरसा लागणार नाही.

आता वापर. आधी हळू. बरं वाटलं नाही तर सोडून दे. सोडण्यात कमीपणा नाही. बायका भरतकाम करतात, बागकाम करतात. भरतकामात हाडं मोडल्याचं मी ऐकलेलं नाही.

मामा

---

२३ मार्च

मामा!

फळी बघून लॅबमधले सगळे कवळ्या सोडून आले. अप्रतिम. एवढं गुळगुळीत काम मी अजून दातांवरही केलेलं नाही. त्या पॉलिशवर मला काचकागद चिकटवावा लागला, माफ कर, नाहीतर पाय घसरून मी तुझ्याआधी वर गेले असते.

१९ तारखेला हिच्यावरूनच उतरणार. सगळ्यांना सांगून ठेवलं आहे, माझ्या मामाची फळी.

भिंगरी

---

१ एप्रिल

चि. भिंगरी,

एवढी स्तुती तू सहावीत सायकल मागताना केली होतीस.

खरं सांग. उभं राहिल्यावर फळी जराशी झुलते का? मनात भीती वाटते का? वाटत असेल तर उगाच माझं मन राखू नकोस. फळी माळ्यावर टाक, मला राग नाही.

मामा

---

१२ एप्रिल

मामा,

तू म्हातारा झालास, आणि म्हातारपणी माणूस स्वतःच्या हातावर संशय घेतो. ऐक. तुझी फळी झुलत नाही. दगड आहे दगड. मी तिच्यावर उड्या मारून पाहिल्या.

आणि बरं झालं तशी आहे. हळू जाताना मऊ फळी नुसती झुलते, त्यात कोणालाच भीती वाटत नाही, उलट गंमत येते. वेग आला की मग ती पिळते, पुढची चाकं थरथरायला लागतात आणि माणूस बाजूला फेकला जातो. सावध व्हायला वेळच मिळत नाही. आमच्यातल्या चित्रकलेच्या मास्तरांचं गळ्याजवळचं हाड असंच मोडलं. आता डाव्या हाताने आंबट चेहऱ्याची फळं काढतात. म्हणून सांगते, तुझ्यासारखा मामा असावा लागतो.

तर निश्चिंत राहा. रविवारी हिच्यावरूनच.

भिंगरी

---

२२ एप्रिल

चि. भिंगरी,

रविवारी समोर होतो तेव्हा बोलता आलं नाही, आणि परतीच्या बसमध्ये काय बोलायचं ते सगळं सुचलं. माझं नेहमीचंच.

तुझं पत्र शनिवारी दुपारी मिळालं. वाचलं आणि उभ्या उभ्या घाम फुटला. तुला फोन लावला, बंद. ताईला सांगितलं, लाकूड बघायला चाललो आहे. रात्रभर बसमध्ये बसलो. सकाळी तुझ्या खोलीवर पोचलो तर घरमालकीण म्हणाली, "त्या केव्हाच गेल्या टेकडीवर." मी म्हटलं, पाणी तरी द्या. तिने तुझी खोली उघडून दिली.

आणि खिडकीखाली माझी फळी! दोन विटांवर आडवी. तिच्यावर ओळीने बावीस जबडे वाळत ठेवलेले, प्लास्टरचे. बावीस जण माझ्याकडे बघून हसत होते. मधोमध फळी दोन बोटं खाली गेली होती, नुसत्या जबड्यांच्या वजनाने.

खाली चाकं लावल्याची खूणही नव्हती. तेव्हा मला कळलं की तू तिच्यावरून कधीच उतरली नव्हतीस. मला तिथेच रडू आलं. आनंदाने की लाजेने, ते ठरवायला वेळ नव्हता. तू टेकडीवर कुठली फळी घेऊन गेलीस ते मला ठाऊक नव्हतं, म्हणून धावलो.

आता कबुली. नऊ थर नव्हते. पाच होते, आणि मधलं लाकूड मुद्दाम हलकं घेतलं. मला वाटलं, फळी पायाखाली झुलली की तू घाबरशील आणि नाद सोडशील. ताठ फळी म्हणजे वेग, मऊ फळी म्हणजे भीती, असा माझा हिशेब. चाळीस वर्षांत कुठल्याच गिऱ्हाइकाला खोटं काम दिलं नाही. दिलं ते तुला. आणि तू जर माझ्यावर विश्वास ठेवून खरंच तिच्यावर उभी राहिली असतीस तर? गाड्याच्या वेळी निदान काम चोख होतं, उतार चुकीचा होता. या वेळी मीच चुकीचा होतो.

तुमचा खेळही मला रविवारीच कळला. फळी आडवी करून घासत नेणं म्हणजे पडणं, असं मी तुझं पत्र वाचून धरून चाललो होतो. ते थांबणं आहे! तुमची ती औषधवाली वरून सुसाट आली, फळी आडवी केली आणि माझ्या बुटापासून हातभर अंतरावर उभी राहून म्हणाली, "काका, रस्त्यातून बाजूला." म्हणजे तुम्ही सगळे वर्षभर थांबायलाच शिकता. हे पहिल्या पत्रात लिहिलं असतंस तर माझं बसभाडं वाचलं असतं.

आणखी एक. तू त्या औषधवालीच्या फळीवरून उतरलीस, तेव्हा तिसऱ्या वळणाच्या आधी तुझा मागचा पाय कड शोधत होता. दोनदा चाचपडला. मग तू पेंढ्यात गेलीस. बाकीचे म्हणाले वेग जास्त झाला. वेग नव्हता, फळी मोठी होती. मला दिसलं.

माफ कर म्हणायची सवय नाही. वर कुठेतरी म्हटलंच आहे असं समज.

मामा

---

२७ एप्रिल

मामा,

मुद्दाम?

चार दिवस मला हा एकच शब्द सुचत होता. आता पुढचे लिहिते.

मी ती फळी आली त्याच दिवशी दोन विटांवर ठेवून वर उभी राहिले. पाळण्यासारखी खाली गेली. आणि मला वाटलं, मामाचा हात गेला. ज्याने माझ्या टेबलाला सूतभर फरक पडू दिला नाही, त्याला आता ताठ आणि मऊ कळत नाही. मामा, मी त्या संध्याकाळी रडले. तुला कळू नये म्हणून अप्रतिम लिहिलं. तू पुन्हा विचारलंस तेव्हा वाटलं, बिचाऱ्याला स्वतःलाही शंका येते आहे, म्हणून दगड लिहिलं. एक महिना मी तुझ्या म्हातारपणाचं दुःख केलं, आणि तू तिकडे धडधाकट बसून मला घाबरवण्याचे थर चिकटवत होतास! माझे अश्रू परत कर.

मला राग आला आहे. खरा. मी आठ वर्षांची नाही. तू नाही म्हणाला असतास तर भांडले असते, रुसले असते, पण तुझ्या हातचं खोटं माझ्या पायाखाली आलं नसतं. आणि तो दात, एकदाच सांगते. गाडा चोख होता. तो दात गेला म्हणून मला दातांच्या डॉक्टरकडे नेलं, तिथे मागच्या खोलीत एक बाई मेणाचे दात कोरत होती आणि मला तिथून निघवेना. माझं पोट तुझ्या गाड्यावर चाललं आहे. आईला हे कोणी सांगितलं नाही, कारण ती ताटाशी बोलत होती.

आता तुझं बघू. रविवारी तू टेकडीवर "थांब" म्हणून ओरडत होतास म्हणे. आम्हाला नुसतं "फां! फां!" ऐकू आलं. सगळ्यांना वाटलं, कुणाची तरी गाडी वर येते आहे, म्हणून वीस माणसं कडेला झाली. जवळ आलास तेव्हा पाहिलं, तोंडात दात नाहीत. म्हणालास, घाईत घरी राहिले. नंतर घाम पुसायला रुमाल काढलास आणि कवळी त्यातून माझ्या मांडीवर पडली. मी उचलून बघितली. कवळ्याच बघते मी दिवसभर. दोन वर्षं वापरलेल्या कवळीवर चावल्याच्या खुणा असतात. हिच्यावर एक ओरखडा नाही. ताटावर बसायच्या आधी खिशातून काढून घालत असशील, आई असली की.

"छान बसते. विषय संपला." वा!

म्हणजे तू माझं काम रुमालात ठेवलंस आणि मी तुझं विटांवर. घराण्याचं नाव काढलं दोघांनी.

आता शिक्षा. तिथल्या दातांच्या डॉक्टरकडे जा, नव्याने माप दे आणि साचा मला पाठव. कुठे टोचतं ते लिहून. आणि सोबतच्या खोक्यात माझे पाय आहेत. घाबरू नकोस, प्लास्टरचे. दोन मोठ्या ट्रेमध्ये माप घ्यायचा गुलाबी लगदा कालवला आणि उतरताना उभी राहते तशी गुडघे वाकवून त्यात उभी राहिले. घरमालकीण दारात आली, बघितलं आणि दार ओढून घेऊन गेली. तळवा कुठे भार देतो, अंगठा कुठे धरतो, सगळं त्यात आहे. तुला चाचपडणारा पाय दिसला ना? मग त्याच्यासाठी फळी कर.

रागावलेली,
भिंगरी

---

३० मे

चि. भिंगरी,

तुझे पाय महिनाभर माझ्या बाकावर होते. येणारी गिऱ्हाइकं विचारायची. मी सांगायचो, भाची आहे, वरचा भाग नंतर येणार आहे.

फळी पाठवतो आहे. नऊ थर. कापलेल्या कडेला मोजून बघ, पॉलिश मुद्दाम केलेलं नाही. वरून खरखरीत ठेवली आहे. खोली तुझ्या तळव्याप्रमाणे, मागच्या पायाशी थोडी जास्त. दोन विटांवर ठेवून मी स्वतः वर उभा राहिलो. माझं वजन तुला माहीत आहे. हलली नाही. मग ताईला उभं केलं. तिचं वजन लिहीत नाही, पत्र हरवू शकतं. तिला सांगितलं, बाकडं आहे.

भीती गेलेली नाही. ती मी फळीत घातली नाही, एवढंच. ती इकडे ठेवली आहे माझ्यापाशी.

कवळीचा साचा डॉक्टरकडून परस्पर पाठवला आहे. कुठे टोचतं असं विचारलंस. सगळीकडे. पहिल्या दिवसापासून. तू इतक्या हौसेने बसवली होतीस, डोळ्यांत पाणी आलं तर तुला वाटलं आनंदाचं आहे.

मामा

---

२१ जून

मामा,

आज सकाळी टाकीपासून खालपर्यंत आले. सातही वळणं. न थांबता. औषधवालीने रस्ता झाडला, मास्तर चौथ्या वळणावर गाडी येते का ते बघायला उभे होते. पायाकडे एकदाही खाली बघावं लागलं नाही. तिसऱ्या वळणाला मागच्या पायाने कड शोधली आणि ती तिथेच होती, अगदी पायाखाली. खाली आल्यावर मी रस्त्याच्या कडेला बसले आणि खूप हसले. मग थोडी रडले. आनंदानेच, चौकशी करू नकोस.

आता खरं. डाव्या अंगाची कड सूतभर जास्त उचलली आहेस. करंगळीला टोचते. फोड आला आहे.

नवी कवळी सोबत. खोटं लिहिलंस तर याद राख.

भिंगरी

---

२ जुलै

चि. भिंगरी,

फळी परत पाठव. सूतभर उतरवून देतो. चुकलं ते चुकलं. तुझा डावा साचा बाकावर थोडा तिरका राहिला होता, माझ्या लक्षात आलं नाही. आता खरंच म्हातारा होतो आहे, तेवढं दुःख तू करू शकतेस.

ताईला आज सगळं सांगितलं. टेकडी, सात वळणं, बाकडं नव्हतं तेही. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि जेवताना ताटाला विचारलं, "ताटा, हेल्मेट तरी चांगल्यातलं आहे का तिचं?" ताटाला माहीत नव्हतं. लवकर कळव, नाहीतर अकरा महिने काढावे लागतील.

कवळी उजवीकडे मागे टोचते. काल कडक टोस्ट खाल्ला, जरा रक्त आलं. काढलेली नाही. घालूनच लिहितो आहे.

मामा